लोखंडी नांगराचा मानकरी : लक्ष्मणराव किर्लोस्कर



स्मरणिकेत चरित्र द्यायचे म्हटले की एखाद्या थोर आलिमाचे, सूफी संताचे किंवा स्वातंत्र्यसेनानीचे चरित्र द्यावे अशी रीत आहे. ती रीत चांगलीच आहे. पण या खेपेला आपल्यापुढे एका कारखानदाराचे आयुष्य ठेवीत आहे. त्याला कारण आहे. आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल नोकरीच्या पगारावर नव्हे, तर हातातील कसबावर आणि छोट्या धंद्यावर पेटते. नांदेडच्या इतवाऱ्यात आणि देगलूर नाक्यावर, लातूरच्या गंजगोलाईतून फुटणाऱ्या सोळा रस्त्यांवर पाहा. कोणी सायकल-मोटारीची दुरुस्ती करतो, कोणाचे वेल्डिंगचे दुकान आहे, कोणाचे फर्निचरचे, कोणाची बेकरी, कोणाची शिलाई, कोणाचा भुसाराचा व्यापार. आमच्या शाळांतील मुलांची फी बहुतेक वेळा याच गल्ल्यातून येते.

आणि याच गल्ल्याजवळ बसून मुले एक वाक्य लहानपणापासून ऐकतात. सचोटीने धंदा होत नाही, हे ते वाक्य. मोठ्या कंपन्यांना प्रामाणिकपणा परवडतो, आपल्यासारख्यांना तो परवडत नाही, असेही त्याला जोडून सांगितले जाते. हे खरे असेल तर आम्ही शाळेत शिकवतो ते सारे दुकानाच्या उंबऱ्यापाशी संपते. म्हणून ज्याने आपले काम एका सायकलच्या दुकानातून सुरू केले आणि पुढे महाराष्ट्रभर नाव कमावले, अशा माणसाचे आयुष्य आपण थोडे बारकाईने पाहू.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. घर सनातनी ब्राह्मणाचे. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाने शिकावे, चांगली सरकारी नोकरी धरावी, अशी त्या काळच्या कोणत्याही पित्याची असते तशीच त्यांची इच्छा. पण लक्ष्मणरावांचे मन शाळेच्या पुस्तकांत रमत नव्हते. चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे हे त्यांचे दोन छंद. अखेर थोरल्या भावाच्या, रामूअण्णांच्या पाठबळावर ते मुंबईला गेले आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी ध्यानात आले की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील फरक नीट कळत नाही. चित्रकाराला याहून मोठा अडथळा तो कोणता? दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावीत गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग बाजूला ठेवले आणि रेषा धरल्या. यंत्रांचे आराखडे काढायला रंग लागत नाहीत. यांत्रिक रेखांकनात ते इतके तयार झाले की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

विद्यार्थी मित्रहो, येथे थोडे थांबा. हव्या त्या शाखेला प्रवेश मिळाला नाही म्हणून खचून जाणारे तुमच्यात अनेक असतात. ज्याचा एक दरवाजा डोळ्यांच्या दोषाने बंद झाला, त्याने त्याच भिंतीत दुसरा दरवाजा शोधला, एवढे मनात ठेवा.

शिक्षकाची नोकरी सांभाळून लक्ष्मणराव रिकाम्या वेळात कारखान्यांतून जात, यंत्रे उघडून पाहत, दुरुस्त करीत. पुस्तकात वाचलेले हाताने करून पाहिल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. त्या काळी सायकल ही नवलाची चीज होती. तिची किंमत सातशे ते हजार रुपये, म्हणजे श्रीमंतांचाच शौक. लक्ष्मणराव आणि रामूअण्णा या दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकल विकायची, बिघडली तर दुरुस्त करायची आणि पंधरा रुपये घेऊन चालवायलाही शिकवायची, असा तो धंदा. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८ सालच्या या दुकानापासून धरली जाते. पुढे मुंबईच्या संस्थेत हक्काची बढती डावलली गेली आणि ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला व ते कायमचे बेळगावला आले. ज्या रस्त्यावर त्यांचे दुकान होते तो बेळगावात आजही किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो.

दुकानदारीतून चार पैसे मिळत होते. पण दुसऱ्याने केलेली वस्तू विकण्यात लक्ष्मणरावांचे मन भरत नव्हते. आपल्या मुलखातील माणसाला रोज कशाची गरज आहे, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. भोवती सारी शेती. शेतकरी ज्वारीचा कडबा अख्खाच्या अख्खा जनावरांपुढे टाकी. जनावर वरची पाने खाई आणि बरीचशी ताटे पायाखाली तुडवी. कडबा बारीक कापला तर तोच दीडपट पुरेल, हे ओळखून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. तो त्यांचा पहिला माल. धंद्याची ही सुरुवातच मोठी शिकवण देणारी आहे. गिऱ्हाइकाच्या खिशातून काय काढता येईल याचा विचार करून ती झालेली नव्हती. त्याच्या गोठ्यात वाया काय जाते, याचा विचार करून ती झालेली होती.

दुसरा माल म्हणजे लोखंडी नांगर. आपल्या मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा किती खोल मुळे धरतात, ते शेतकऱ्याच्या घरातील मुलांना सांगायला नको. जुना लाकडी नांगर ओढायला अनेक बैल जुंपावे लागत आणि तरी तो माती उलटवीत नसे. लोखंडी नांगर माती पलटी करतो, तणाची मुळे उघडी पाडतो. परंतु लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते अशी समजूत लोकांत पसरलेली होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

पालकहो, दोन वर्षे! माल तयार, गिऱ्हाईक नाही, भांडवल अडकलेले. अशा वेळी धंदेवाल्याच्या मनात काय काय विचार येतात ते आपल्याला ठाऊक आहे. लोखंड थोडे हलके वापरावे, किंमत पाडावी, कसेतरी चार नग खपवावेत. लक्ष्मणरावांनी तो रस्ता धरला नाही. शेतकऱ्याचा अविश्वास दूर करायचा तर नांगर चांगला चालला पाहिजे, एवढे एकच उत्तर त्यांच्यापाशी होते. एका शेतात चांगला चाललेला नांगर शेजारच्या दहा शेतांना दिसतो, आणि मोडलेला नांगर शंभर शेतांना. छोट्या गावात, छोट्या बाजारात बदनामी लपत नाही. नांदेड-लातूरच्या व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला हवे काय?

नांगराला हळूहळू मागणी येऊ लागली आणि नेमके त्याच वेळी नवे संकट आले. १९१० साली शहराच्या वाढीसाठी बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. कारखाना हलवावा लागणार होता आणि हातात दुसरी जागा नव्हती. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे लक्ष्मणरावांना ओळखत होते. औंधच्या यमाईदेवीच्या देवळाच्या मंडपाचे काम पूर्वी लक्ष्मणरावांनीच करून दिले होते. ते काम पाहिलेल्या राजाने कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. येथेही एक गोष्ट ध्यानात घ्या. आधी केलेल्या चोख कामाची आठवण हेच लक्ष्मणरावांचे तारण होते. आणि आपण, जे व्याजाच्या प्रश्नाने नेहमी अडखळतो, त्यांनी हेही पाहावे की बिनव्याजी मदत मिळते ती विश्वासावर, आणि विश्वास हा वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून जमा होतो.

ती बत्तीस एकर जमीन म्हणजे निवडुंगाचे रान. पाणी नाही, सावली नाही, नागांचा मात्र सुळसुळाट. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव तेथे पोहोचले. पंचवीस कामगार आपापली कुटुंबे घेऊन त्यांच्याबरोबर त्या माळावर राहायला आले. विचार करा, बेळगावसारखे शहर सोडून बायकामुलांसह रानात जायला पंचवीस माणसे तयार होतात, ती केवळ पगारासाठी होत नाहीत. मालकाचा शब्द खरा आहे अशी खात्री असली तरच ती होतात.

त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे आणि जुने कुंडल रोड स्टेशन आता त्याच नावाने ओळखले जाते. येथे कारखान्याबरोबर कामगारांची घरे झाली, शाळा झाली. वस्तीची आखणी आणि कारभार रामूअण्णांनी पाहिला. शंभूराव जांभेकर हे अभियंता, मंगेशराव रेगे हिशेबनीस. अनंतराव फळणीकर नावाच्या शाळा अर्धवट सोडलेल्या तरुणाने येथेच कल्पक यंत्रज्ञ म्हणून नाव काढले. शिवाशीव ज्या काळात विहिरीपासून देवळापर्यंत पाळली जाई, त्या काळात लक्ष्मणरावांनी वाडीतून अस्पृश्यता हद्दपार करण्यासाठी प्रयत्न केले.

सर्वांत मोठे नवल वाटते ते त्यांच्या पहारेकऱ्यांचे. दरोडेखोरीबद्दल शिक्षा भोगून आलेल्या दोघा माणसांना त्यांनी वाडीच्या राखणीवर ठेवले. ज्यांना पाहताच लोक दारे लावून घेत, त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी वस्तीची सुरक्षा दिली आणि ते दोघे अतिशय इमानी राखणदार ठरले. आपण याला अमानत म्हणतो. अमानत ज्याच्या हाती देतो त्याचीही उंची तिने वाढते, हे येथे दिसून आले. आज एखाद्या वस्तीचे, एखाद्या आडनावाचे नाव ऐकताच नोकरी नाकारली जाते, असा अनुभव सांगणारे तरुण आपल्यातही आहेत. आपल्याला असा दुजाभाव सलतो, तर आपल्या स्वतःच्या दुकानावर माणूस ठेवताना आपण कोणता न्याय लावतो, हेही स्वतःला विचारले पाहिजे.

पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड, कोळसा, रंग, साऱ्याचीच टंचाई झाली. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. त्या वितळवून नांगर घडवण्यात आले. माणसे मारण्यासाठी ओतलेल्या धातूने माणसांना पोसण्याचे काम केले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे मराठी घरांतील विचारांना वळण लावणारे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि त्याच्या पाठोपाठ १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले. नांगरामागून पंप, उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे अशी एकेक वस्तू वाडीतून बाहेर पडत गेली.

पालकहो, आता एक गोष्ट खास तुमच्यासाठी. लक्ष्मणराव स्वतः शाळेत रमले नव्हते. हाताच्या कसबावर ते मोठे झाले. मी शाळेवाचून इथवर आलो, मग मुलाला तरी शाळा कशाला, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो त्यांना होता. त्यांनी काय केले? आपला मुलगा शंतनुराव याला त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या जगप्रसिद्ध संस्थेत शिकायला पाठवले. १९२६ साली शंतनुराव परतले आणि वाडीच्या कामाला लागले. त्यांनीच पुढे या उद्योगाचा मोठा विस्तार केला. ज्या ऑइल इंजिनाचा फटफट आवाज एके काळी आपल्या विहिरींवर घुमत असे, ते इंजिन बनवणारी पुण्याची कंपनी १९४६ साली निघाली.

आपल्याकडे उलट घडते. गॅरेजवरचा उस्ताद उत्तम कारागीर असतो, पण त्याच्या हाताखाली दहा-बारा वर्षांचा पोर पान्हे उचलून देत असतो. चौदा वर्षांखालील मुलाला असे कामाला ठेवणे हा गुन्हा आहे. पण कायद्याचे सोडा. त्या पोराची शाळा आपण किती रुपयांना विकत घेतली, याचा हिशेब कोणत्या वहीत लिहिणार? अनंतराव फळणीकर शाळा सोडून पुढे आले हे खरे, पण त्यांना शिकवणारा मालक लाभला होता. नुसते राबवणारा मालक मिळाला तर मूल कारागीरही होत नाही आणि शिकलेलेही होत नाही.

लक्ष्मणरावांच्या आयुष्याची संध्याकाळ सुखात गेली असे समजू नका. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर हल्ले झाले. त्या वणव्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही जळाला. अडतीस वर्षे घाम गाळून उभे केलेले काम एका दिवसात राख झाले. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या गुन्ह्याशी आपला काही संबंध नाही, त्याची शिक्षा केवळ आपल्या जातीमुळे आपल्याला व्हावी, यापरते दुःख कोणते?

वडीलधाऱ्या मंडळींना हे वाचताना त्याच वर्षाचा सप्टेंबर महिना आठवेल. पोलीस कारवाईनंतर आपल्या भागावर काय गुदरले, त्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीने करून ठेवली आहे. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने नांदेड आणि उस्मानाबाद यांची नावे घेतली, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. कितीतरी घरांतील कर्ती माणसे गेली, दुकाने गेली. त्यानंतर ज्या आजोबांनी एका खोक्यापासून पुन्हा सुरुवात केली, ज्या आजींनी शिलाईच्या मशीनवर मुले वाढवली, त्यांच्या पुण्याईवर आज आपण उभे आहोत. किर्लोस्करवाडीही पुन्हा उभी राहिली. दोन वेगळ्या समाजांची ही दोन दुःखे शेजारी ठेवली ती एवढ्याचसाठी की ज्याचे जळते त्याला जात नसते, आणि पुन्हा उभे राहणाऱ्याच्या मनात सूडाला जागा उरली तर हाताला काम उरत नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव किर्लोस्कर हे जग सोडून गेले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता कोणी म्हणेल, हे मोठ्या माणसाचे झाले, आपल्या दोन शटरच्या दुकानाचे काय? तर आठवा, हे सारे गुण त्यांच्या अंगी होते तेव्हा त्यांचे दुकानही आपल्याएवढेच होते. ते श्रीमंत झाल्यावर प्रामाणिक झाले नाहीत. सामाजिक जबाबदारी म्हणजे भरपूर पैसा झाल्यावर केलेला दानधर्म, असा आपला एक गैरसमज आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा, यांपैकी एक तरी गोष्ट असेल त्या कंपन्यांना हा नियम लागतो. आपल्या दुकानाला तो लागत नाही. म्हणजे आपली जबाबदारी कोणी इन्स्पेक्टर तपासणार नाही. ती आपली नियत तपासणार आहे.

आणि हा धडा आपल्याला परका आहे काय? मापात मारणाऱ्यांना ताकीद देणारी एक संपूर्ण सूरह, सूरह अल्-मुतफ्फिफीन, पवित्र कुरआनात आहे. ज्यांच्या मसलकाप्रमाणे आपल्यापैकी बहुतेक जण नमाज पढतात ते इमाम अबू हनीफा हे स्वतः कूफा शहरातील कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एकदा दोष असलेले कापड, दोष न सांगता, विकून टाकले. गिऱ्हाइकाचा पत्ता लागेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या व्यवहाराची सारी रक्कम दान केली, असे सांगितले जाते. अडीच टक्के जकात आपण देतो. पण कारागिराची मजुरी दोन-दोन महिने अडकवून, सोयाबीनच्या वजनात काटा मारून, जुना सुटा भाग नवा म्हणून बसवून मिळवलेल्या पैशातून जकात काढली, तर बाकीचे साडेसत्त्याण्णव टक्के पाक होतील काय? जबाबदारी दुकानाच्या आतून सुरू होते. मजुरी वेळेवर, माप पुरते, दोष सांगून विक्री, आणि हाताखालच्या पोराला शाळा. एवढे झाले की मग बाहेरच्या देणगीला शोभा येते.

सचोटीचा धंदा लगेच फळत नाही, हे लक्ष्मणरावांचे आयुष्यही लपवीत नाही. दोन वर्षे नांगर पडून राहिला. जागा सोडावी लागली. म्हातारपणी कारखाना जळाला. पण प्रत्येक पडझडीत त्यांच्या मदतीला जे धावून आले, राजाची जमीन, कामगारांची साथ, शाहू महाराजांच्या तोफा, ते सारे आधीच्या खऱ्या व्यवहाराने जोडलेले होते. भांडवल बुडते, माल जळतो, जागा जाते. पत मात्र माणसाबरोबर चालते.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुम्ही वडिलांच्या गल्ल्यावर बसाल, किंवा नांदेड-लातूरच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचे शेड टाकाल. तेव्हा पहिल्या दिवशी दुकानावर पाटी लावाल. तुमच्या नावापुढे लोकांनी मनातल्या मनात काय जोडून वाचायचे, ते मात्र तुमचा तराजू ठरवील. अल्लाह तआला आपणा सर्वांना हलाल रोजीची आणि खऱ्या मापाची तौफीक देवो. आमीन.